एका दिवसात वाई ते औंध : मार्गदर्शित सहलीविषयी एक संवाद

शंकाकार : पुण्याहून पहाटे बस काढायची, वाईत ढोल्या गणपती आणि कृष्णेचे घाट दाखवायचे, तेथून जवळच असलेल्या मेणवलीत पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांचा वाडा, मग लिंब गावची बारा मोटांची विहीर, दुपारी साताऱ्यात जेवण आणि दिवसाच्या शेवटी खटाव तालुक्यातील औंधचे श्री भवानी चित्रसंग्रहालय, अशी एकदिवसीय सहल सोबत मार्गदर्शक देऊन आखली जाते आणि तिला इतिहासाची सहल म्हटले जाते. या योजनेवरचा पहिला आक्षेप साध्या हिशेबाचा आहे. जाऊन येऊन रस्ता तीनशे किलोमीटरांच्या घरात जातो, त्यामुळे निम्मा दिवस बसमध्येच सरतो. उरलेल्या वेळातून नाश्ता, जेवण, दोन चहा आणि प्रत्येक थांब्यावर मागे राहिलेल्यांची वाट पाहणे वजा केले, तर एकेका स्थळाच्या वाट्याला अर्धा-पाऊण तास येतो. एवढ्या वेळात वास्तू डोळ्यांखालून जाते, पण मनात उतरत नाही. पाहणाऱ्याच्या पदरी पडते ती पाहिल्याची नोंद आणि छायाचित्र. दुसरा आक्षेप क्रमाविषयी आहे. चित्रसंग्रहालयाला सर्वांत ताजे डोळे आणि सर्वांत जास्त स्वस्थपणा हवा, आणि नेमके तेच थकलेल्या माणसांसाठी, संग्रहालय बंद होण्याच्या सुमारास ठेवलेले असते. तिसरा आणि सर्वांत गंभीर आक्षेप असा की, या धावपळीतून प्रवाशाचे अज्ञान कमी होण्याऐवजी त्याला आपले अज्ञान संपले असे वाटू लागते. न पाहिलेल्या गावाविषयी माणसाच्या मनात निदान कुतूहल तरी असते. घाईने पाहून झालेल्या गावाविषयी तेही उरत नाही.

समर्थक : हिशेब बरोबर आहे, परंतु तो ज्याच्याजवळ पर्याय आहे अशा माणसाचा आहे. स्वतःचे वाहन, मुक्कामाची ऐपत, रजेचे चार दिवस आणि आधीचे वाचन असलेल्या व्यक्तीने बसमधून जाऊ नये, हे मान्यच आहे. पण पासष्टीच्या पुढची एकटी स्त्री, वर्षातून एखादाच रविवार मोकळा मिळणारा कामगार किंवा इतिहास शिकवणारा आणि शिकवलेले गाव कधीच न पाहिलेला शिक्षक यांच्यापुढे सावकाश प्रवास आणि घाईचा प्रवास असे दोन मार्ग नसतात. घाईचा प्रवास आणि घर हेच दोन मार्ग असतात. संघटित सहलीचा जन्मही याच गरजेतून झाला. दारूबंदीचा प्रचारक असलेल्या टॉमस कुक याने ५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडमधील लेस्टरहून लफबरोला खास आगगाडी ठरवून सुमारे पाचशे माणसांना एक शिलिंगात नेऊन आणले, आणि तोपर्यंत श्रीमंतांपुरता असलेला हौसेचा प्रवास सामान्यांच्या आवाक्यात आला. पुढे जगभर पसरलेल्या पर्यटनव्यवसायाचा आरंभ अशा एका दिवसाच्या सहलीनेच झाला होता. आणि सोबत जाणकार घेऊन स्थळ पाहण्याची रीत महाराष्ट्राला तरी परकी कोठे आहे? क्षेत्रोपाध्याय, म्हणजे तीर्थक्षेत्री येणाऱ्या यात्रेकरूंची व्यवस्था पाहणारा आणि त्यांना क्षेत्राचे माहात्म्य सांगणारा परंपरागत पुरोहित, हा एका अर्थाने मार्गदर्शकाचा पूर्वजच होता. ज्या वाईला दक्षिण काशी म्हणून यात्रेकरू पिढ्यान्‌पिढ्या येत आले, तेथे सांगणारा आणि ऐकणारा ही जोडी नवी नाही. थोडक्या ओळखीला थोडकी ओळख म्हणून मोल आहे; ती पूर्ण ज्ञान असल्याचा दावा करत नसेल, तर तिला दोष देण्याचे कारण नाही.

शंकाकार : क्षेत्रोपाध्यायाशी केलेली तुलना मूळ प्रश्नावरच बोट ठेवते. यात्रेकरू स्थळाचे पुराण ऐकायला येत असे आणि पुराणाकडे तो पुराण म्हणूनच पाहत असे. आजच्या सहलीत मात्र इतिहास म्हणून जे सांगितले जाते, ते पुष्कळदा स्थळपुराणाच्याच रीतीने सांगितले जाते. मेणवलीच्या घाटावरील घंटेचे उदाहरण पुरेसे आहे. या मोठ्या घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची उठावातील प्रतिमा आणि १७०७ हे साल आहे, त्यावरून ती मूळची ख्रिस्ती चर्चमधली असल्याचे कळते. पेशव्यांचे सेनानी चिमाजी अप्पा यांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तेथील घंटा देशावर आल्या आणि त्यांतलीच ही एक, एवढ्या दोन वाक्यांत घंटेची कथा संपते आणि मंडळी घाटावर छायाचित्रे काढायला मोकळी होतात. पण चिमाजी अप्पांचे निधन १७४० साली झाले आणि मेणवली नानांकडे आली ती १७६८ साली; म्हणजे वसईचा विजय आणि मेणवलीचा वाडा यांच्यामध्ये जवळजवळ तीस वर्षांचे अंतर आहे. त्या काळात घंटा कोठे होती, ती कोणी कोणाला दिली, आणि एका धर्माच्या प्रार्थनास्थळातील वस्तू दुसऱ्या धर्माच्या मंदिरापाशी टांगली जाताना तिच्यावरील मूळ प्रतिमा पुसून न टाकता तशीच का ठेवली गेली, हे खरे प्रश्न आहेत. सहलीच्या वेळापत्रकात विजयाच्या कथेला जागा असते, प्रश्नांना नसते. शिवाय ज्या कागदांच्या आधारे नानांचा कारभार समजून घ्यायचा, ते मेणवली दफ्तर, म्हणजे वाड्यातील पत्रे, हिशेब आणि टिपणे यांचा संग्रह, आज मेणवलीत नाही. इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्यामार्फत ते साताऱ्याच्या संग्रहात आले आणि तो संग्रह १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलवण्यात आला. ज्या शहरातून बस पहाटे निघते त्याच शहरात मेणवलीचा इतिहास मागे ठेवून प्रवासी रिकामा वाडा पाहायला जातात.

समर्थक : घंटेविषयीचा आक्षेप रास्त आहे आणि तो मार्गदर्शकाच्या तयारीविषयी आहे, सहल या प्रकाराविषयी नाही. ज्या दोन सालांवरून हा प्रश्न उभा राहिला, ती घंटेसमोर उभे राहूनही सांगता येतात आणि त्यासाठी दोन मिनिटेही लागत नाहीत. मात्र कागद पुण्यात असल्यामुळे वाडा रिकामा ठरतो, हे मान्य करता येणार नाही. कागदांना एक गोष्ट सांगता येत नाही : जागा. सहा चौकांच्या वाड्यात एका चौकातून दुसऱ्या चौकात जाताना बाहेरच्या माणसाचा वावर कोठे थांबत असेल आणि घरचा वावर कोठून सुरू होत असेल, याचा अंदाज पायांना येतो, आणि वाड्यातून थेट नदीच्या घाटावर उतरले की राहणे, कारभार आणि स्नानसंध्या एकाच आवारात कशी बसवली होती, हे कोणी न सांगता उमगते. वाईच्या ढोल्या गणपतीचेही तसेच आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलेल्या या मंदिरात बहुतेक जण भव्य मूर्तीचे दर्शन घेऊन परत फिरतात. जाणता मार्गदर्शक त्यांना मंदिराच्या मागच्या बाजूला नेतो आणि तेथील भिंत दाखवतो. ती सरळ नाही. पुराचे पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावे, म्हणून ती माशाच्या आकाराची, निमुळती होत गेलेली आहे. नदीच्या काठावर बांधायचे तर नदी कधीतरी आत येणार, हे गृहीत धरून गवंड्याने दगडातच तिला वाट काढून दिली. ही एक भिंत दाखवायला पाच मिनिटे लागतात, आणि एकट्याने दोन दिवस वाईत राहिलेला माणूसही कोणी न सांगितल्यास तिच्या मागे जाणार नाही. म्हणून वेळ किती मिळाला, याइतकेच त्या वेळात नजर कोठे वळवली गेली, यालाही महत्त्व आहे.

शंकाकार : भिंतीचे उदाहरण पटण्यासारखे आहे, पण त्याच्या पटण्यामागचे कारण तपासले पाहिजे. त्या भिंतीला एक उद्देश आहे आणि उद्देश शब्दांत सांगता येतो. लिंबच्या विहिरीलाही हे लागू पडते. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी बांधलेल्या या अष्टकोनी विहिरीवर बारा मोटा चालत. मोट म्हणजे कातड्याची मोठी पखाल. तिला वर खेचणारा जाड दोर तो नाडा, तिच्या तोंडाला बांधलेली बारीक दोरी ती सोंदूर, बैल ज्या उतरणीवरून खाली जात ती धाव, आणि वर आलेले पाणी ज्या दगडी कुंडीत ओतले जाई ते थारोळे. हे शब्द एकदा ऐकले की विहिरीच्या काठावरील दगडांना अर्थ येतो, आणि बैल, माणूस, दोर व पाणी यांची ती बंद पडलेली व्यवस्था डोळ्यांपुढे पुन्हा चालू लागते. येथे मार्गदर्शकाचे काम निर्विवाद आहे. परंतु चित्राचे तसे नाही. चित्रातले कोण, प्रसंग कोणता, चित्रकार कोण हे सांगून झाल्यावर चित्र पाहण्यास सुरुवात होते, आणि सहलीत मात्र तेथेच ते संपते. औंधच्या संग्रहालयात राजा रविवर्मा, महादेव विश्वनाथ धुरंधर आणि बाबूराव पेंटर यांची चित्रे आहेत, मुघल, राजस्थानी आणि पहाडी शैलीतील लघुचित्रे आहेत, युरोपीय कलाकृतींच्या प्रतिकृती आहेत आणि विसाव्या शतकातील श्रेष्ठ ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे माता आणि मूल हे शिल्पही आहे. चाळीस माणसांचा घोळका या सर्वांसमोरून पाऊण तासात पुढे सरकतो, तेव्हा तो काय पाहतो? रविवर्म्यांच्या चित्रापाशी तो थांबतो, कारण १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीला गेलेल्या छापखान्यातून निघालेल्या त्यांच्या चित्रांच्या छापील प्रती महाराष्ट्राच्या घराघरांत पोचल्या होत्या आणि ती मुद्रा त्याच्या ओळखीची असते. मूर यांच्या शिल्पापाशी तो थांबत नाही, कारण त्यात ओळखण्यासारखे काही त्याला सापडत नाही. अशा रीतीने संग्रहालयात जाऊनही माणूस आधी माहीत असलेलेच पाहून परत येतो.

समर्थक : या आक्षेपाचे उत्तर त्या संग्रहालयाच्या जन्मकथेतच आहे. औंध संस्थानाचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते, आणि कीर्तनकारही होते. त्यांनी १९३८ साली हे संग्रहालय उभारले ते मुंबईत किंवा पुण्यात नव्हे, तर दुष्काळी टापूतल्या एका लहान गावात, यमाई देवीच्या डोंगरावर, म्हणजे जेथे शेतकरी आणि भाविक यांचे पाय आपोआप वळतात अशा वाटेवर. देवीला आलेल्या माणसाने चित्रही पाहावे, ही त्यामागची धारणा त्या जागेच्या निवडीवरूनच दिसते. तेव्हा चित्रकलेचे शिक्षण न घेतलेला घोळका या संग्रहालयात उपरा ठरत नाही. त्याच्यासाठीच ते आहे. दुसरे असे की, चित्रासमोर बोलणे म्हणजे चित्राचा अधिक्षेप, ही कल्पना सर्व चित्रांना लागू पडत नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेत रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक समोर धरून गायनासह कथा सांगितली जाते. तेथे सांगण्यावाचून चित्र अपुरे असते. धुरंधरांनी रंगवलेले शिवचरित्रातील प्रसंग कथनाच्याच अंगाने रचलेले आहेत. दरबारात कोण कोठे उभे आहे, कोणाची नजर कोणाकडे आहे, कोणत्या वस्तूवर उजेड पडला आहे, हे दाखवत गेल्यास ऐकणाऱ्याला चित्राची रचनाच समजत जाते. मूर यांच्या शिल्पासाठी वेगळी वाट घ्यावी लागेल, हे खरे. तेथे कथा नाही. तेथे गटाला शिल्पाभोवती सावकाश फिरू द्यावे, आई आणि मूल यांचे दगडातील आकार कोठे एक होतात आणि कोठे वेगळे होतात, एवढेच विचारावे आणि गप्प बसावे. सगळे संग्रहालय दाखवण्याचा हट्ट सोडला आणि तीनच कलाकृती निवडल्या, तर पाऊण तास अपुरा पडत नाही.

शंकाकार : तीन कलाकृती निवडायच्या म्हटल्या, तरी आणखी एक गोष्ट उरते, आणि तीच सर्वांत मोठी आहे. या गावांत जे सर्वांत महत्त्वाचे घडले, ते दिसण्यासारखे नाही. वाईत नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढचे केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा झाली, तेथे शिकलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या हाताखाली मराठी विश्वकोशाचे काम चालले आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड बाहेर पडला. आधुनिक मराठी ज्ञानव्यवहारात वाईचे नाव या कामामुळे आहे, पण सहलीत त्याचा उल्लेखही होत नाही, कारण दाखवायला घाटासारखे काही नाही. औंधचे तर त्याहून विलक्षण आहे. या संस्थानाने २१ जानेवारी १९३९ रोजी स्वराज्य संविधान लागू केले, म्हणजे राजाने आपली सत्ता आपण होऊन ग्रामपंचायतींवर उभ्या असलेल्या लोकनियुक्त व्यवस्थेकडे सोपवली. त्यामागे महात्मा गांधींचा सल्ला होता, बाळासाहेबांचे पुत्र अप्पासाहेब पंत यांची धडपड होती आणि मॉरिस फ्रीडमन या पोलंडमधून आलेल्या अभियंत्याचा पुढाकार होता. कैद्यांना मोकळ्या जागी शेती करू देणारी आटपाडीजवळची स्वतंत्रपूर वसाहतही याच संस्थानात झाली, आणि व्ही. शांताराम यांच्या १९५७ सालच्या ‘दो आँखे बारह हाथ’ या चित्रपटामागे तिची प्रेरणा होती. एवढे वगळून औंध दाखवले, तर तेथील संग्रहालय एका हौशी राजाचा संग्रह वाटते. ज्या माणसाने सत्ता सोडली त्यानेच चित्रे जमवली, यातील संबंध कोणालाच दिसत नाही. आणि ज्या जिवंत गावांतून ही सहल जाते, त्यांचे काय? वाईचे घाट आजही स्नानाचे, विधींचे आणि धुण्याचे आहेत. सात घाटांवर पाळीपाळीने होणारा कृष्णाबाईचा उत्सव तेथील लोक आपापल्या आळीचा मान म्हणून करतात. मेणवलीचा वाडा नानांच्या वंशजांची खाजगी मालमत्ता आहे. बाहेरून येणारी बस गावाची वाट अडवते, जेवण दुसरीकडे घेते, कचरा मागे ठेवते आणि रहिवाशांना स्वतःच्याच अंगणात देखाव्याचा भाग बनवते. प्रवाशाला काय मिळाले याचा ताळेबंद मांडताना गावाने काय दिले, हे कोणत्या रकान्यात लिहायचे?

समर्थक : गावाच्या बाजूने उपस्थित केलेला हा प्रश्न टाळता येणार नाही, आणि त्याचे पूर्ण समाधान करणारे उत्तरही नाही. तरी दोन गोष्टी नोंदवल्या पाहिजेत. पहिली म्हणजे, जे दिसत नाही ते सांगायलाच मार्गदर्शक लागतो. दगडी भिंत एखाद्याला स्वतःच्या नजरेनेही सापडू शकेल. १९३९ सालचे संविधान मात्र कोणी सांगितल्याशिवाय औंधच्या रस्त्यावर सापडणार नाही. शिवाय एका दिवसात ही चारही गावे पाहण्याचा जो फायदा आहे तो येथेच आहे, कारण त्यांचे परस्परसंबंध एकेका गावाच्या स्वतंत्र भेटीत सुटून जातात. १७६८ साली मेणवली नानांना मिळाली, ती देण्यात त्या वेळचे प्रतिनिधी भवानराव त्र्यंबक यांचा हात होता, म्हणजे ज्या घराण्याने पुढे औंधचे संग्रहालय उभारले त्याच घराण्याचा. गोपिकाबाई, म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी, रास्त्यांच्या घरातल्या. तेव्हा वाईतील मंदिरांचे वैभव पेशव्यांच्या सोयरिकीशी जोडलेले आहे. आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले, त्यालाही औंधच्याच बाळासाहेब पंतप्रतिनिधींचा आश्रय होता. जमीन, नाती, देवस्थाने आणि विद्या यांचे हे जाळे सकाळ ते संध्याकाळ एका ओघात सांगितले, तर चार थांब्यांची यादी उरत नाही, एका प्रदेशाची घडण दिसू लागते. दुसरी गोष्ट अशी की, ८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान विलीन झाले आणि संग्रहालयामागे उभा असलेला राजाश्रय संपला. आता ते राज्य शासनाकडे आहे, आणि सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेकडे किती लक्ष दिले जाते, हे तेथे किती माणसे येतात यावर बरेच अवलंबून असते. बस येणेच बंद झाले, तर गावाचा त्रास कमी होईल, पण चित्रांची विचारपूस करणाराही कोणी उरणार नाही.

शंकाकार : मग निष्कर्ष असा निघतो की, सहल असावी पण आज आहे तशी नसावी. औंध सकाळी घ्यावे, कारण तेथील दालनांची रचना नैसर्गिक उजेड आत यावा अशी आहे आणि मावळतीच्या वेळी तिचा उपयोग उरत नाही. चारऐवजी दोनच स्थळे ठेवावीत. गट वीस माणसांपेक्षा मोठा नसावा. वाईत वाईचा आणि औंधमध्ये औंधचा माणूस बोलावा आणि त्याला त्याचा मोबदला मिळावा. जेवण गावातच घ्यावे. प्रत्येक कथेबरोबर, ती कागदांवरून सांगितली आहे की लोकांच्या तोंडून ऐकलेली आहे, हेही सांगावे. परंतु या प्रत्येक सुधारणेबरोबर माणशी खर्च वाढतो, आणि जाहिरातीतील स्थळांची संख्या कमी होते. ज्या एकट्या स्त्रीसाठी, कामगारासाठी आणि शिक्षकासाठी या प्रकाराचे समर्थन आरंभी केले गेले, त्यांनाच ही सुधारलेली सहल महाग वाटेल, किंवा तेवढ्याच पैशांत सहा स्थळे दाखवणारी दुसरी बस ते निवडतील. चांगले पाहणे आणि सर्वांना पाहता येणे ही दोन्ही मूल्ये खरी आहेत. पण एका बसमध्ये, एका भाड्यात आणि एका दिवसात ती एकत्र बसत नाहीत. ही अडचण मार्गदर्शकाच्या हुशारीने सुटणारी नाही.

समर्थक : ती सुटणारी नाही, हे मान्य करावे लागेल, मात्र आरंभीचा वाद आता वेगळ्या जागी येऊन ठेपला आहे, हेही लक्षात घ्यावे. एका दिवसात ऐतिहासिक गाव पाहता येते का, असा प्रश्न होता. त्याचे उत्तर असे मिळाले की भिंत आणि विहीर यांसारखी कामे पाहता येतात, चित्रे थोडीच पण नीट पाहता येतात, घडून गेलेल्या गोष्टी केवळ ऐकता येतात, आणि गाव म्हणून गाव मात्र एका दिवसात कळत नाही. आता उरलेला प्रश्न पैशाचा आणि जबाबदारीचा आहे : नीट दाखवण्याचा जो जास्तीचा खर्च येतो, तो कोणी उचलायचा? शाळा आपल्या सहलीचा खर्च स्थळांची संख्या घटवून भागवू शकतात. ग्रंथालये आणि ज्येष्ठ नागरिक संघ आपल्या सभासदांसाठी लहान गट करू शकतात. ज्या शासनाकडे संग्रहालय आहे ते स्थानिक तरुणांना तेथे बोलण्यासाठी तयार करू शकते. यांपैकी कोणीच पुढे आले नाही, तर बाजार आपल्या पद्धतीने सहा स्थळांची यादी छापत राहील आणि शंकाकाराचा प्रत्येक आक्षेप खरा ठरत राहील.

शंकाकार : आणि ते पुढे आले, तरी दिवसाच्या शेवटी बसमध्ये परत बसणाऱ्या माणसाला, आपण गावाला फक्त भेटलो, ते आपल्याला कळलेले नाही, एवढी जाणीव शिल्लक राहील का, ही शंका कायम राहते. कारण ती जाणीव कोणत्याही वेळापत्रकात घालता येत नाही.

समर्थक : घालता येत नाही, पण प्रवाशाला ती स्वतः बाळगता येते, आणि तिची सुरुवात पैसे भरण्याआधी होऊ शकते. अशा सहलीला जाऊ इच्छिणाऱ्याने किती स्थळे दाखवणार, हे विचारण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात : औंधला बस किती वाजता पोहोचते, आणि तेथे कोण बोलणार आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुपारनंतर असे आले आणि दुसऱ्याचे उत्तरच आले नाही, तर ती बस सोडून द्यावी.